आटवलेला रस, साठं आणि पेराद : वाचकांचे प्रश्न

आंब्याचा मावा (साखर घालून आटवलेला रस), आंब्याची साठं (थर देऊन सुकवलेली आंबापोळी), फणसपोळी आणि गोव्याकडची पेराद (पेरूची वडी) यांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. कुणाचा मावा बुरसला, कुणाची साठं आंबली, कुणाच्या पेरादीचा दगड झाला. तक्रारी वेगळ्या दिसल्या तरी बहुतेकींच्या मुळाशी आत किती पाणी उरलं हाच हिशेब आहे. म्हणून उत्तरांत वाटी-चमच्यापेक्षा वजनकाटा जास्त दिसेल.

प्रश्न : हापूसचा मावा चांगला घट्ट होईपर्यंत आटवला. साखरही भरपूर होती. बरणीत भरला आणि जुलैत वरच्या थरावर पांढरी बुरशी आली. काय चुकलं? (ठाणे)

‘घट्ट होईपर्यंत’ हेच चुकलं. आंब्याच्या रसात गर भरपूर असतो, त्यामुळे चाळीस टक्के पाणी शिल्लक असतानाही तो कढईत घट्ट दिसतो. एवढं पाणी बुरशीला पुरतं. मावा फ्रिजबाहेर टिकवायचा असेल तर शेवटी त्यात पाणी पाव हिश्श्यापेक्षा जास्त नको. आणि हे डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर दिसतं.

हिशेब सोपा आहे. पिकलेल्या हापूसच्या रसाच्या वजनाचा साधारण सहावा भाग घन असतो, बाकी पाणी. पातळ रायवळ आंब्यात सातवा भाग धरा. त्यात साखरेचं वजन मिळवा. आलेल्या बेरजेत तिचाच एक तृतीयांश वाढवा. हे झालं तयार माव्याचं वजन. २ किलो हापूसचा रस आणि ५०० ग्रॅम साखर घेतली, तर रसातले घन ३३५ ग्रॅम, साखरेसह ८३५, त्यात एक तृतीयांश म्हणजे २८० मिळवले की १,११५ ग्रॅम. मावा अकराशेच्या आसपास आला की झाला. साडेतेराशेवर उतरवलात तर तो कितीही घट्ट दिसो, जुलैपर्यंत टिकणार नाही.

त्यासाठी आधी रिकाम्या कढईचं कलथ्यासकट वजन करून ते कागदावर लिहून ठेवा. गरम कढई काट्यावर थेट ठेवायची नाही. काट्यावर लाकडी पाट ठेवून आकडा शून्यावर आणा आणि मग पाटावर कढई ठेवा. आकडा हव्या त्या वजनापेक्षा वीस-पंचवीस ग्रॅम जास्त असतानाच गॅस बंद करा, कारण गरम कढईत तेवढी वाफ नंतरही जाते.

काटा नसेल तर दोन खुणा पाहा. कलथा तळाशी ओढला की वाट पडावी आणि ती सावकाश बुजावी. दुसरी खूण अधिक भरवशाची. थंड स्टीलच्या ताटलीवर थेंब टाका आणि दोन मिनिटांनी त्याच्या कडेला पाण्याचं कडं सुटतं का बघा. सुटलं तर अजून आटवायचं आहे.

बुरशी वरच्याच थरावर का, याचंही कारण आहे. अर्धवट गार झालेला मावा बरणीत भरून झाकण लावलं की झाकणाखाली वाफेचे थेंब जमतात आणि वर पडतात. त्या एका थरातली साखर पातळ होते आणि बुरशी तिथे धरते. एक तर कढत मावा कोरड्या, गरम बरणीत गळ्यापर्यंत भरून लगेच घट्ट झाकण लावा, नाहीतर परातीत पातळ कापडाखाली पूर्ण गार करून मगच भरा. मधली पद्धत नको. आणि बुरशी वरून काढून खालचा मावा वापरण्याचा मोह टाळा. तिचे तंतू आणि विषारी द्रव्यं दिसतात त्यापेक्षा खोल गेलेली असतात.

प्रश्न : साखर सुरुवातीलाच घालावी की नंतर? दोन्ही सल्ले ऐकले आहेत. (सातारा)

नंतर. आधी नुसता रस मध्यम आचेवर आटवा. २ किलोचा सव्वा-दीड किलो झाला की साखर घाला. साखर पहिल्यापासून असेल तर ती तासभर जास्त शिजते, रंग केशरीवरून विटकरीवर जातो आणि कढईच्या तळाला करपण्याची भीती वाढते.

साखर घातल्यावर मावा एकदम पातळ होतो. बिघडलं असं वाटून पुष्कळजण इथे आच मोठी करतात. करू नका. साखर विरघळल्याने तो सैल होतो, नवीन पाणी कुठून आलेलं नसतं. इथून पुढे आच बारीक, हात सतत चालू आणि कलथा तळ खरवडत फिरणारा हवा. शेवटच्या वीस मिनिटांत मावा भकाभक उडतो आणि तो चटका साध्या पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट, कारण गोळा कातडीला चिकटून बसतो. खोल पातेलं अर्ध्यापर्यंतच भरा, लांब दांड्याचा कलथा घ्या आणि हाताला कोरडं फडकं गुंडाळा.

प्रश्न : दोन महिन्यांनी माव्यात साखरेचे खडे झाले. (नाशिक)

साखरेचं प्रमाण जास्त आणि आंबटपणा कमी असला की असं होतं. पूर्ण पिकलेल्या हापूसमध्ये आंबटपणा फारसा उरत नाही. दर किलो रसाला एक चमचा लिंबाचा रस साखरेबरोबरच घाला. आंबट आणि उष्णता मिळून थोडी साखर फुटते आणि मग ती खडे धरत नाही. कढईच्या काठावर सुकलेली साखर ओल्या फडक्याने पुसत राहा, कारण तो एक खडा माव्यात पडला की बाकीच्यांना विरजण लागल्यासारखं होतं. साखर रसाच्या चौथ्या भागाहून जास्त नको. आता झालेले खडे मोडायला चार चमचे पाणी आणि थोडं लिंबू घालून मंद आचेवर पुन्हा आटवा.

प्रश्न : साठं घालताना पहिल्याच दिवशी रस जाड ओतला. वरून सुकली, पण चौथ्या दिवशी आतून दारूसारखा वास आला. ऊन कमी पडलं का? (लांजा)

ऊन कमी पडलं नाही, उलट जाड थराला ते जास्तच झालं. कडक उन्हात वरची साय झटकन सुकते आणि झाकणासारखी बसते. खालचं पाणी अडकतं, आणि रसातल्या यीस्टला गोड, ओलसर, ऊबदार जागा मिळते. त्यांनी तिथे आपलं काम केलं, तोच हा वास.

थर ४ मिलिमीटरपेक्षा जाड नको. मोजपट्टी लावायची गरज नाही. ३० सेंटिमीटर व्यासाच्या ताटात ३०० ग्रॅम रस ओतला की थर बरोबर तेवढा होतो. ताट सपाट जागीच ठेवा. गच्चीला पाण्याच्या निचऱ्यासाठी उतार असतो, तिथे ठेवलेल्या ताटात पोळी एका बाजूला कागदासारखी आणि दुसऱ्या बाजूला चिखलासारखी होते.

ओतण्याआधी रस गाळून, किलोला १०० ग्रॅम साखर घालून, कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा आणि तसाच दोन-तीन मिनिटं ठेवा. हा टप्पा जुन्या पद्धतीत नाही, आणि रायवळाच्या आंबट रसाला तो नसला तरी चालून जायचं. गोड हापूसला मात्र तो हवा, कारण त्याने यीस्ट मरतात आणि रस काळा पाडणारी द्रव्यंही निष्प्रभ होतात. मग गार करून ताटात ओता. ताटाला तूप बोटाने पुसटसं लावा. जास्त झालेलं तूप पोळीत उतरतं आणि गणपतीपर्यंत खवट वास मारतं.

दुसरा थर कधी? पहिल्या थरावर बोट टेकवून उचला. बोटाला रस लागला नाही, नुसता चिकटा जाणवला, तर ओतायला हरकत नाही. पूर्ण कोरडा झाल्यावर ओतलात तर थर एकमेकांना धरत नाहीत आणि कापताना पापुद्रे सुटतात. रोज एक याप्रमाणे चार-पाच थर पुरतात. मग सुरीने कड सोडवून पोळी उलटायची आणि खालच्या बाजूला दोन उन्हं द्यायची. ही बाजू पहिल्यापासून ताटाला चिकटलेली असते, आतून ओली असते, आणि बहुतेकजण नेमकी हीच विसरतात.

झाली हे कसं कळावं? १ किलो रस आणि १०० ग्रॅम साखरेची साठं सुकून सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास भरतात. पोळी दुमडली तर मोडू नये आणि दाबून धरलेल्या दोन बाजू सोडल्यावर आपोआप सुटाव्यात. मुंग्यांसाठी ताटं ठेवलेल्या खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत, माश्यांसाठी वर मलमल, पण मलमल रसाला टेकता कामा नये.

प्रश्न : साठं अर्धी सुकलेली असताना अवकाळी पाऊस आला तर? (कुडाळ)

त्याच दिवशी घरात घ्या आणि पंख्याखाली ठेवा. रात्रभर झाकून मात्र ठेवू नका. ओव्हन असेल तर ६० ते ६५ अंशांवर, दार बोटभर उघडं ठेवून तीन-चार तास द्या. दोन दिवस ढगच राहणार असं दिसलं, तर हट्ट सोडा. ओली पोळी सोडवून कढईत टाका, थोडा रस घाला आणि मावा करा. चव तीच, फक्त नाव बदललं. नवीन थर ढगाळ दिवशी कधीही ओतू नका.

प्रश्न : बाजारातली आंबापोळी पिवळीधमक असते, घरची तपकिरी होते. (पुणे)

विकायच्या पोळीत पुष्कळदा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट असतं, ते रंग धरून ठेवतं. घरी त्याची गरज नाही आणि दम्याच्या रुग्णांना ते बाधू शकतं. घरची पोळी थोडी काळवंडणारच. फार काळी होत असेल तर तीन गोष्टी तपासा. आंबा डागी किंवा अति पिकलेला होता का, रस लोखंडी भांड्यात होता का, आणि साखरेऐवजी गूळ घातला का.

प्रश्न : इथे आंबे मिळत नाहीत, डब्यातला हापूसचा रस मिळतो. ऊनही नाही. साठं जमतील का? (न्यू जर्सी)

जमतील, आणि थराच्या बाबतीत तुमचं काम आमच्यापेक्षा सोपं आहे. आधी डब्यावरचे घटक वाचा. साखर लिहिलेली असेल तर आणखी साखर घालू नका, फक्त किलोला दोन चमचे लिंबाचा रस घाला. डब्यातला रस आधीच तापवलेला असतो, त्यामुळे पुन्हा तापवायची गरज नाही. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये बेकिंगचा कागद घालून ५०० ग्रॅम रस पसरा. कडेला थर किंचित जाड ठेवा, कारण कडा आधी सुकून तडकतात. ओव्हन ६५ ते ७० अंश सेल्सिअस. तुमच्या ओव्हनवर फॅरनहाइट असेल तर १५० ते १६०. दार थोडं उघडं, वेळ सहा ते आठ तास. दर दोन तासांनी ट्रे फिरवा. ओव्हन १७० फॅरनहाइटच्या खाली जात नसेल तर त्यावरच ठेवा, पण पाचव्या तासापासून नजर ठेवा. एका थराची पोळी मिलिमीटरभरच होते. जाड हवी असेल तर मध्यावर दुसरा थर द्या.

प्रश्न : फणसपोळीला कापा चालेल का? आणि ती आंबापोळीपेक्षा लवकर खराब का होते? (रत्नागिरी)

कडक गऱ्यांचा कापा खायला ठेवा, पोळीला मऊ, रसाळ गऱ्यांचा बरका. बरक्याचे गरे रोवळीवर किंवा जाड चाळणीवर घासले की रस खाली आणि चोथा वर राहतो. काप्याचा लगदा करण्यासाठी मिक्सरमध्ये पाणी घालावं लागतं, आणि तेच पाणी पुन्हा दोन दिवस उन्हात काढत बसावं लागतं.

लवकर खराब होण्याचं कारण म्हणजे फणसात आंबटपणा आंब्याहून फारच कमी असतो. आंबट असलं की जंतूंना जड जातं, फणसात तो आधार नाही. म्हणून किलोभर रसात एका मोठ्या लिंबाचा रस घाला, रस तापवून घ्या, थर ३ मिलिमीटरच ठेवा आणि पोळी आंब्यापेक्षा कडक सुकवा. पाऊस सुरू झाल्यावर घातलेली फणसपोळी टिकेल असं धरूच नका. ती फ्रिजमध्ये ठेवून महिनाभरात संपवा.

प्रश्न : नाताळात गोव्याला खाल्लेली पेराद घरी करून पाहिली. एकदा जॅमसारखी राहिली, एकदा दातांना लागेल इतकी कडक झाली. (कोल्हापूर)

नेमक्या या दोन टोकांमध्येच पेराद असते. गोव्यात पेरूला पेर म्हणतात. नावाचा साचा पोर्तुगीजांचा. त्यांच्याकडे नासपतीची पेराद आणि क्विन्स फळाची मार्मेलाद होते. गोव्यात त्याच रीतीने आंब्याची मांगादही करतात.

पेरू आंब्यासारखा नुसता आटून घट्ट होत नाही. त्यात पेक्टिन हे फळ जमवणारं द्रव्य भरपूर असतं, आणि साखर व आंबट यांच्या संगतीने ते जमतं. हे पेक्टिन गदरलेल्या, बोटाने किंचित दबणाऱ्या पेरूत जास्त असतं. अगदी मऊ झालेल्या पेरूत ते फुटलेलं असतं. वासासाठी मऊ पेरू हवा आणि जमण्यासाठी गदरलेला, म्हणून तीन भाग गदरलेले आणि एक भाग मऊ घ्या. सरदार पेरू चालेल. त्याचं दुसरं नाव लखनौ-४९ असलं तरी निवड पुण्याच्या गणेशखिंडीत झालेली, १९२७ साली. पेरादीचा लालसर रंग हवा असेल तर मात्र आतून गुलाबी असलेला पेरू हवा.

दीड किलो पेरूच्या फोडी एक पेला पाण्यात पंधरा मिनिटं शिजवा आणि बारीक चाळणीवर घासा. मिक्सर लावू नका, बिया फुटतात आणि त्यांची कचकच पुढे गाळून जात नाही. गर मोजून १ किलो घ्या. साखर ८०० ग्रॅम, दोन लिंबांचा रस, ५० ग्रॅम लोणी. गर दहा-पंधरा मिनिटं नुसता आटवा, मग साखर आणि अर्धं लिंबू. उरलेलं लिंबू आणि लोणी शेवटच्या सात-आठ मिनिटांत, कारण आंबटात फार वेळ शिजलं की पेक्टिन कमजोर होतं.

वजन साडेअकराशेवर आलं की उतरवा. साडेबाराशेला उतरवली तर जॅम, हजाराच्या खाली गेली तर दातांना लागणारी वडी. गोळा कढईच्या कडा सोडून कलथ्याबरोबर फिरायला लागतो, तीच वेळ. २५ बाय ३० सेंटिमीटरच्या थाळीला लोणी लावून ओता, वरून लोणी लावलेल्या वाटीच्या बुडाने सपाट करा. साधारण १ सेंटिमीटर जाडीची होईल. आठ-दहा तासांनीच वड्या पाडा. कोमट असताना सुरी लावली तर ती चिकटणार, आणि तुम्हाला वाटेल पेराद जमलीच नाही.

सैल राहिलेली पुन्हा कढईत घालून अर्ध्या लिंबाबरोबर आटवता येते. कडक झालेलीचे बारीक तुकडे करा, पाव कप उकळतं पाणी घाला आणि झाकून तासभर ठेवून मग मंद आचेवर घोटा. मूळची सर मात्र पूर्ण येत नाही.

थर्मामीटर वापरत असाल तर एक लक्षात ठेवा. पाककृतीतले अंश समुद्रसपाटीचे असतात. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे पाणी ९८ अंशांना उकळतं. कोल्हापूरही त्याच उंचीच्या आसपास. म्हणून लिहिलेल्या आकड्यातून २ अंश वजा करा.

प्रश्न : आजीची पितळी कढई वापरू का? (सांगली)

कल्हई शाबूत असेल तर जरूर. तिच्या जाड बुडात मावा करपत नाही. कल्हई गेलेली असेल तर फळाच्या आंबटाने तांबं उतरतं, तेव्हा नको. शिजवून झाल्यावर मावा कल्हईच्या कढईतही ठेवून देऊ नये. ॲल्युमिनियम आणि बिडाची कढईही यासाठी नको. जाड बुडाचं स्टील सगळ्यांत बिनघोर.

प्रश्न : मावा दुधात घातला की दूध फाटतं. (औरंगाबादहून, आता दुबईत)

दूध आटवून पूर्ण गार करा. मावा वेगळ्या वाटीत थोड्या गार दुधात घोटून सारखा करा आणि मग मिसळा. नंतर पुन्हा उकळी नको. बर्फीसाठी खवा आणि साखर आधी परतून गोळा होत आला की शेवटी आंब्याचा मावा घाला.

प्रश्न : घरात मधुमेह आहे. बिनसाखरेची साठं घातली तर मोकळेपणाने खाता येतील का? (नागपूर)

साखर न घालता साठं उत्तम होतात, थर ३ मिलिमीटरचा ठेवा आणि सुकायला एक ऊन जास्त द्या. पण मोकळेपणाने खायची नाहीत. १०० ग्रॅम बिनसाखरेची पोळी व्हायला सुमारे अर्धा किलो रस लागतो, म्हणजे तीन मध्यम हापूस. त्यांची सगळी साखर तळहाताएवढ्या गुंडाळीत आलेली असते. बोटभर तुकडा कापा, वजन करा, आणि तेवढाच आंबा खाल्ला असं धरून डॉक्टरांनी दिलेल्या मापात बसवा.